धनुष्यवालीची रजा

मेट्रनबाई निवृत्त झाल्या त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या ड्यूट्या लावल्या. चहाची पातेली दोन. त्यातलं एकच रोज राबतंय आणि दुसरं फडताळात बसून फुकट पगार खातंय, हे काही त्यांना पाहवेना. मग सोम-बुध-शुक्र एक, मंगळ-गुरू-शनी दुसरं, आणि रविवारी जे कमी काळं झालं असेल ते. यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब पण जिभेने तिरके. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या चष्म्यांचंही तेवढं बघा. वाचायचा फार दमतो हल्ली." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. याच नजरेने पूर्वी अख्ख्या वॉर्डातल्या चादरी सरळ व्हायच्या. यजमानांनी निमूटपणे पेपर तोंडापुढे धरला.

एकतीस वर्षं इस्पितळात काढली होती त्यांनी, आणि त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. दोनशे चाळीस नर्सेसचा तक्ता त्यांच्या हातचा. महिन्याच्या पंचवीस तारखेला मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायच्या, त्या संध्याकाळपर्यंत उठायच्या नाहीत. कोण पोटुशी आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळलीय, कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण रडून काम करते आणि कोण काम करून रडते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. रात्रपाळी केलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. वरून साहेबाचा फोन आला तरी तो मोडायचा नाही. मुली त्यांना टरकून असायच्या आणि त्यांच्यावर जीवही टाकायच्या.

एकीचा अपवाद. ती म्हणजे त्यांचीच मुलगी.

कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती जन्मल्यापासून चिंगी. चिंगीही नर्स झाली, आईच्याच इस्पितळात लागली आणि चार वर्षं आईच्या हाताखाली राहिली. वॉर्डात आई तिला 'सिस्टर' म्हणायची आणि ती आईला 'मॅडम'. जी ड्यूटी कुणाला नको ती चिंगीच्या वाट्याला. सलग रात्री, सणासुदीचे दिवस, सगळ्यात अवघड वॉर्ड. चिंगी हूं की चूं करायची नाही. आणि एका सोमवारी तिने राजीनामा टेबलावर ठेवला आणि गाडीने नऊ तास लागतील अशा शहरात दुसरी नोकरी धरली. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता तरी येतं.

त्याला पाच वर्षं झाली. दर रविवारी फोन यायचा. आईशी चार मिनिटं. जेवलीस का, हो. तब्येत, बरी. बाबांना देते. आणि मग बाबांशी वीस मिनिटं हसणं-खिदळणं. तेवढा वेळ मेट्रनबाई आधीच घडी घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसायच्या, आणि यजमान मुद्दाम फोन मोठ्या आवाजावर ठेवायचे. नवरा-बायकोत याबद्दल कधी एक शब्द झाला नाही.

अशाच एका रविवारी फोनमधून तलवारींचा खणखणाट ऐकू आला.

"काय पडलं गं?"

"काही नाही, गेम आहे. ब्रेकमध्ये खेळते मी."

"कसला?"

"तुला नाही कळायचं, आई."

चिंगी हे सहज बोलून गेली. पण मेट्रनबाईंना 'तुला नाही कळायचं' म्हणणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा होता. सोमवारी सकाळी त्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवालीकडे गेल्या, तिच्याकडून तो गेम टाकून घेतला आणि स्टुलावर बसून नियम समजून घेतले. खेळाडू आठ. प्रत्येकाचा आपला चौकटींचा पट. दर फेरीला दुकानात ढालवाला, वैद्य, अस्वल, धनुष्यवाली अशी कुठलीतरी पाच पात्रं येतात. हवं ते घ्यायचं आणि पटावर उभं करायचं; तेच पुन्हा पुन्हा घेतलं की त्याला तारे चढतात आणि ते तगडं होतं. जागा नसेल तर खालच्या बाकावर बसवायचं. तीस सेकंदांनी घंटा होते, आणि एकदा घंटा झाली की तुमचे हात बांधलेले. पात्रं आपली आपण लढतात, पडायची ती पडतात, तुम्ही नुसतं बघत बसायचं. पुढच्या फेरीला सगळी पुन्हा धडधाकट उभी. फेरी हरलात की तुमचा स्वतःचा जीव थोडा कमी होतो, आणि तो संपला की तुम्ही खेळाबाहेर. पहिल्या चारांत आलात तर रँक वर सरकते, नाहीतर खाली.

"म्हणजे ड्यूटी लावायची आणि मग वॉर्डात पाऊल टाकायचं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "जन्मभर हेच तर केलंय मी."

"मग तुम्हाला सोपं जाईल, काकू," मोबाइलवाली म्हणाली.

सोपं कसलं जातंय. महिना झाला तरी बाई लोखंडावर. सगळ्यात खालची रँक लोखंड, तिच्यावर तांबं, मग रौप्य, सोनं आणि हिरा. चिंगी सोन्यावर होती. पण त्या महिन्यात एक गोष्ट घडली. आईने पाठवलेली मैत्रीची विनंती बघून चिंगी फोनवर मिनिटभर नुसती हसत सुटली. नाव बघून तर तिला आवरेना, कारण आईने तिथेही 'मेट्रन' असंच लिहिलं होतं. त्या रविवारी फोन पंचवीस मिनिटं चालला. यजमानांनी आपली पाळी आली तेव्हा "माझं काही विशेष नाही" म्हणून फोन बायकोला परत दिला. माणूस तिरका होता, पण वेळेला बरोबर वागायचा.

मग एका रविवारी चिंगीच म्हणाली, "आई, यात जोडीने पण खेळता येतं. दोघी एका बाजूला. दर रविवारी दुपारी बसलो तर दोन तास गप्पा मारत खेळू. पण जोडी नोंदवायला दोघीही निदान रौप्यावर लागतात. तू रौप्यावर यायला पाहिजेस."

"कधीपर्यंत?"

"सीझन संपायच्या आत. पुढच्या महिन्यातला शेवटचा रविवार, संध्याकाळी सहा. त्याच्या आत एक डाव जरी जोडीने झाला, तरी जोडी कायम राहते, पुढे रँक कितीही घसरली तरी. नाहीतर सीझन संपला की सगळ्यांना खाली आणतात, आणि तुला परत लोखंडापासून तीन महिने."

दर रविवारी दोन तास. मेट्रनबाईंनी मनातल्या मनात हिशोब मांडला आणि लगेच पुसून टाकला, इतका तो मोठा होता. त्या रात्रंदिवस नाही, पण चहानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर अशा नेमाने खेळायला बसू लागल्या. ओट्यापाशी खुर्ची, भिंतीला टेकवलेला फोन, नाकावर चष्मा. यजमान जाता-येता विचारायचे, "आज वॉर्डाची परिस्थिती काय?" बाई म्हणायच्या, "दोन गंभीर." आणि हरायच्या.

चिंगी आईचे झालेले डाव आपल्या फोनवर बघायची आणि चुका सांगायची. पहिली चूक म्हणजे आई इतरांच्या पटांकडे बघतच नाही. बाकीचे सात काय जमवतायत हे बोट सरकवलं की दिसतं, आणि ते बघून आपली माणसं हलवायची असतात.

"दुसऱ्याच्या वॉर्डात डोकवायचं?" मेट्रनबाईंना ते पटेना.

"डोकवायचंच असतं. सगळे डोकावतात."

"म्हणून तर सगळे..." म्हणता म्हणता त्या थांबल्या, कारण सगळे तर रौप्याच्या वरच होते.

दुसरी चूक नाण्यांची. दर फेरीला मिळणारी नाणी आई अडीअडचणीला म्हणून राखून ठेवायची. अडचण यायची, आई बाहेर पडायची, आणि नाणी तशीच. तिसरी म्हणजे एक फेरी हरली की रागाच्या भरात सगळा पट विस्कटून नवा मांडायचा. या चुका बाईंनी सुधारल्या. सुधारायचं म्हटल्यावर त्या कुणाच्या बापाला ऐकणाऱ्या नव्हत्या. इतरांच्या पटात डोकावताना सुरुवातीला त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं, पुढे त्यात गोडी लागली. त्या तांब्यावर आल्या. पण तिथे जी गाडी अडली ती हलेचना. शेवटच्या रविवारला अकरा दिवस उरले, मग आठ, मग पाच.

बुधवारी दुपारी चिंगीची सुट्टी होती. तिने व्हिडिओ कॉल लावला. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा कप.

"आई, मी तुझे शेवटचे अकरा डाव लागोपाठ बघितले. मला एक सांग. हा ढालवाला तुझ्याकडे चांगला दोन ताऱ्यांचा आहे. त्याला तू मधेच बाकावर का बसवतेस?"

"कुठे?"

"प्रत्येक डावात. पाचव्या फेरीत पटावर, सहाव्या फेरीत बाकावर. वैद्यबुवांचंही तेच, अस्वलाचंही तेच. मला आधी वाटलं बोट चुकून लागत असेल."

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "आदल्या फेरीत तो पडला होता ना."

"मग?"

"मग लगेच दुसऱ्या फेरीला कसं उभं करायचं? इतका मार खाल्लेला माणूस. एक फेरी बसू दे म्हटलं."

चिंगीने कप खाली ठेवला. "आई, तू त्यांना ऑफ देतेस?"

"ऑफ असं नाही. आळीपाळीने."

चिंगी इतकी हसली की टॉवेल खांद्यावरून पडला. "अगं, ती खेळण्यातली माणसं आहेत. दर फेरीला नव्याने उभी राहतात. दमत नाहीत ती. जगात लाखो लोक हा गेम खेळत असतील, पण अस्वलाला साप्ताहिक सुट्टी देणारी तू एकटीच." यजमान बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "आणि आमच्या घरातल्या पातेल्याला." मग तिघंही हसली. मेट्रनबाई हसल्या, पण लाजून. इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही?

"बरं, नाही देणार," त्या म्हणाल्या. "अजून काय?"

चिंगी हसता हसता फोनवर बोट सरकवत होती. तिचं हसू हळूहळू कमी झालं, तसं आईच्या लक्षात आलं. माणसाचा चेहरा उतरायच्या आधी अर्धा मिनिट त्यांना कळायचं. नोकरीतच लागलेली सवय ती.

"ही धनुष्यवाली," चिंगी म्हणाली. "तुझ्याकडची सगळ्यात भारी. तीन तारे. तिचे बाण पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. तिला मागच्या कोपऱ्यात ठेवायचं, पुढे ढालवाला, बाजूला अस्वल. ती जितका वेळ उभी राहील तितका वेळ तू जिंकत असतेस. आणि तू तिला प्रत्येक डावात सगळ्यात पुढे उभी करतेस. मधोमध. पहिला घाव तिच्यावर बसतो आणि चार सेकंदांत ती पडते."

"ती सगळ्यांत चांगली आहे म्हणून."

"म्हणून पुढे?"

"जिथे जड काम असतं तिथे ज्याला येतं त्यालाच पाठवायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. "बाकीचे कोलमडतील तिथे."

चिंगीचं पटावर सरकणारं बोट थांबलं. पलीकडच्या खोलीत कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"अकरा डाव बघितले मी, आई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. उलट वॉर्डात पेशंट झोपलेला असताना बोलावं तसा होता. "सगळ्यांना आळीपाळीने ऑफ आहे. ढालवाल्याला आहे, वैद्याला आहे, त्या अस्वलाला आहे. हिला एकदाही नाही. रोज पडते, रोज पुढे."

मेट्रनबाईंच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

"चार वर्षांत मी एक रजा मागितली होती. एक. माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. नर्सिंगला तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो आम्ही. मी रीतसर अर्ज केला, महिनाभर आधी. तू त्यावर नामंजूर लिहिलंस आणि पूर्ण सही केलीस. लोकांनी म्हणायला नको, मेट्रन स्वतःच्या मुलीला सवलत देते. म्हणून ना?"

खोटं बोलणं मेट्रनबाईंना कधी जमलंच नव्हतं. "तेही होतं," त्या म्हणाल्या. "नव्हतं असं नाही. पण त्या आठवड्यात बॉयलर फुटलेला होता. भाजलेल्यांच्या वॉर्डात नऊ जण. जिने ड्रेसिंग बदललं तर ते ओरडायचे नाहीत अशी एकच मुलगी होती माझ्याकडे. दोनशे चाळिसांत एक. तुझा हात तसा होता. अजून असेल."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? मेट्रनने सांगितलं तर पक्षपात, आणि आईने सांगितलं तर कौतुक."

"मला चाललं असतं, कौतुक," चिंगी म्हणाली. मग तिने टॉवेल उचलला, केसांना गुंडाळला आणि म्हणाली, "ठेवते. मशीन लावलंय कपड्यांचं." फोन बंद झाला.

यजमान दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिरकं काही म्हटलं नाही. चहा केला, तो कोणत्या पातेल्यात करायचा हेही न विचारता केला, आणि कप बायकोपुढे ठेवला.

गुरुवारी चिंगीचा काही निरोप नाही. शुक्रवारीही नाही. मेट्रनबाईंनी तीनदा संदेश लिहिला आणि तीनदा पुसला. माफी मागायची त्यांना लाज नव्हती, पण माफी म्हणजे नेमकं काय लिहायचं ते सुचेना. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. खेळायला बसल्या.

धनुष्यवालीला त्यांनी मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. वाचायला सोपं वाटतं, पण त्यांचं बोट अडखळत होतं. सगळ्यात हुशार मुलीला मागे उभं करायचं आणि त्या भोळ्या अस्वलाला मार खायला पुढे लोटायचं, हे त्यांच्या एकतीस वर्षांच्या रीतीत बसत नव्हतं. घंटा झाली. आता वॉर्डात जाता येत नव्हतं. अस्वल पुढे झालं, त्याने पहिला घाव घेतला, दुसरा घेतला आणि ते उभंच राहिलं. डुलत होतं, पण उभं होतं. मागून बाण सुटत राहिले. शेवटपर्यंत धनुष्यवालीच्या अंगाला ओरखडासुद्धा नाही.

मेट्रनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा पटाकडे. अस्वलाला जमेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून त्या वर सरकायला लागल्या. रोज चार-पाच डाव, त्यातले तीन-चार पहिल्या चारांत. ऑफ द्यायचं बंद केलं. एकदा मात्र हरणार हे दिसतच होतं, तेव्हा वैद्यबुवांना हळूच बाकावर बसवलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आत रौप्य एका डावावर आलं होतं. रविवारी दुपारी साडेतीनला, यजमान शेजारी खुर्ची ओढून बसलेले असताना, त्या तिसऱ्या आल्या आणि पडद्यावर चंदेरी पान उमटलं.

"मॅडम," यजमान म्हणाले, "बढती." आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं म्हणून ते पाणी प्यायला उठले.

मेट्रनबाईंनी चिंगीला जोडीच्या डावाची विनंती पाठवली. बरोबर एक ओळ लिहिली: 'आले. पण रागावली असशील तर राहू दे.' सहाला अडीच तास होते. वीस मिनिटं काही झालं नाही. अजून वीस मिनिटं गेली. चार वाजून गेले. एकतीस वर्षांत त्या कुणाच्या उत्तराची अशी वाट बघत बसल्या नव्हत्या. लोक त्यांच्या उत्तराची वाट बघत असायचे.

सव्वाचारला व्हिडिओ कॉल आला.

चिंगी युनिफॉर्ममध्येच होती. पलंगाच्या कडेवर बसली होती आणि पायातले बूटही काढले नव्हते. "आत्ता बघितलं, आई," ती म्हणाली. "रागावले नव्हते गं. म्हणजे बुधवारी रागावले. गुरुवारी रडले. शुक्रवारपासून श्वास घ्यायला वेळ नाही. दोघी जणी आजारी पडल्या, काल दुपारपासून मी वॉर्डातच. खरंच आलीस रौप्यावर? दाखव."

बाईंनी चंदेरी पान दाखवलं.

"धनुष्यवाली?"

"मागे. शुक्रवारपासून एकदाही पुढे नाही."

"मग पुढे कोण?"

"अस्वल," मेट्रनबाई म्हणाल्या. "त्याला जमलं, चिंगे. तुझ्यासारखं नाही, पण जमलं." आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं, पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. "त्या दिवशीही कुणीतरी केलं असतं. थोडं कमी चांगलं केलं असतं, पण केलं असतं. तू लग्नाला जाऊन आली असतीस. माझं चुकलं."

चिंगीने मान खाली घातली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. एका हाताने सुटेना. नाडी तशीच ठेवून ती म्हणाली, "चल, लावू डाव. पावणेदोन तास आहेत. एक डाव अर्ध्या-पाऊण तासात होतो. एकदा जोडी नोंदली की सुटलो."

"लाव," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर दोघींची नावं शेजारी शेजारी आली. खाली हिरवं बटण आलं. चिंगीने तिच्या बाजूचं दाबलं. आता फक्त आईचं राहिलं होतं.

आईने तिच्याकडे पाहिलं. मुलीकडे बघावं तसं नाही, तक्ता लावताना समोर उभ्या राहणाऱ्या नर्सकडे बघायच्या तसं पाहिलं. डोळ्यांखाली काळं. डावी पापणी उजवीच्या मागे राहत होती. मान ताठ ठेवायला जोर लावावा लागत होता. अठ्ठावीस तास झाले असतील, निदान सव्वीस. अशा मुलीला पेशंटच्या जवळ जाऊ द्यायचं नाही. अशा मुलीला कशाच्याच जवळ जाऊ द्यायचं नाही.

दर रविवारी दोन तास. त्यांचा अंगठा बटणावर होता.

"तू झोप," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आज तुला सुट्टी."

"आई, सहाला सगळं खाली जाईल. परत लोखंड. तीन महिने परत चढावं लागेल तुला."

"चढेन. आता रस्ता माहीत झालाय."

"अगं एकच डाव. मला होतंय."

"तुला होतंय हे मला माहीत आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुला नेहमीच होतं. म्हणून तर तुला कधी सुट्टी मिळाली नाही. झोप, बाळा."

चिंगी तिच्याकडे बघत राहिली. वाद घालायला तिने तोंड उघडलं, पण त्यातून निघाली जांभई. तिचं तिलाच हसू आलं. मग डोळे भरून आले. बूट तिने पायानेच ढकलून काढले आणि युनिफॉर्मसकट आडवी झाली.

"मी अर्ज कुठे केलाय," ती उशीत तोंड घालून म्हणाली.

"अर्ज नको."

"कारण काय लिहिशील?"

"दमली आहे, एवढंच."

चिंगीने फोन बंद केला नाही. तो उशीशेजारी उलटा पडला आणि पडदा काळा झाला, पण आवाज येत होता. आधी चादर ओढल्याचा, मग एक लांब सुस्कारा, आणि मग संथ श्वास. लहानपणी तिला ताप आला की बाई ड्यूटीवरून येऊन असाच श्वास मोजत बसायच्या, पण तेव्हा त्यांना पहाटे परत जायचं असायचं. आज कुठेही जायचं नव्हतं.

यजमान आत आले. "काय झालं? जिंकलात का?"

मेट्रनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोनकडे खूण केली. "चिंगी झोपलीय."

चिंगी नऊ तासांच्या अंतरावर झोपली होती. तरीही यजमानांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, चवड्यांवर चालत जाऊन बाहेरच्या खोलीतला रेडिओ बंद केला, टपटपणारा नळ घट्ट पिळला आणि दार हळूच लोटून घेतलं. मग खुर्ची सरकवायची नाही म्हणून ते बायकोच्या बाजूला जमिनीवर बसले. सहा वाजले. फोन किंचित थरथरला आणि पडद्यावर काहीतरी उमटून गेलं. ते काय ते दोघांनीही पाहिलं नाही. दोघं ऐकत बसली होती.